पिस्तुलाच्या मुठी

रविवारी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो कानशीचा. देवघरातली घंटा त्यानंतर, आणि आईचं बोलणं त्याच्याही नंतर. खांदा कॉलनीतल्या आमच्या बैठ्या घराला मागे अरुंद पडवी होती. तिच्या कोपऱ्यात बाबांचं लाकडी बाक, आणि बाकाला बोल्टांनी आवळलेला लोखंडी वाइस. त्याच्या जबड्यात शिसमाचा ठोकळा पकडून बाबा कानस चालवायचे. खर्र खर्र, मग फुंकर, मग अंगठा फिरवून बघणं, मग पुन्हा खर्र खर्र. भुसा उडून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा आणि भाकरीच्या उकडीवर बसायचा. आई उरणच्या मिठागरवाल्यांची लेक, तिच्या तोंडाला कोण लागणार! "आमी काय लाकूड खाणारी मानसं हाव का?" ती आतून ओरडायची. "आज त्या पिस्तुलाकडंच जेवा मंग." बाबा हसायचे आणि पुढची फुंकर जरा दुसऱ्या बाजूला मारायचे. ते पिस्तुलाची मूठ कोरत असायचे. त्या मुठींची आणि त्या धरणाऱ्या हाताची ही हकिगत आहे. ती सांगायला मी इतकी वर्षं का लावली, हे शेवटी कळेल.

बाबा तळोज्याकडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे काय ते मला शाळेत कुणाला धड सांगता यायचं नाही. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडाचा करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेला रस ओततात. लाकडाचा तो भाग बाबा करायचे. वडिलार्जित शेत नव्या वस्तीखाली गेलेलं, भाऊबंदांनी आलेल्या पैशांत जीप घेतल्या, कुणी बिल्डर झाले. बाबांनी हत्यारांची पेटी घेतली. घर चालायचं ते त्यांच्या उजव्या हातावर, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. जेवायला बसल्यावर आई पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकायची तेव्हा गमतीनं म्हणायची, "हाताला वाढलं हो."

त्यांच्याकडे एक स्टीलची पट्टी होती, तिच्यापायी मी सातवीत भूमितीत नापास झाले. माझी पट्टी सापडेना म्हणून बाबांच्या पेटीतली उचलली, आणि पेपरात काढलेली एकूणएक रेघ मोठी निघाली. बाईंनी पेपरभर लाल फुल्या मारल्या. मी रडत घरी आले तर बाबा पोट धरून हसले. "अगं बाय, ती फाउंड्रीची पट्टी! तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा मोठाच असतो." मग मला मांडीशी घेऊन समजावलं. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं. लाकूड बरोबर मापाचं केलं तर लोखंड कमी पडतं. म्हणून पुढं काय होणार ते आधी ओळखून, लाकूड तेवढं मोठं करायचं. "नंतर वाढवता येत नाही ना," ते म्हणाले. पुढे मी स्वतः जन्मभर गणित शिकवलं, पण असं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

पिस्तूल आणलं बशीरचाचांनी. ते बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. जुन्या पनवेलात मोहल्ल्यात राहायचे. आखातात बरीच वर्षं काढून परत आले, आल्या आल्या हार्डवेअरचं दुकान टाकलं. तिकडून येताना घरच्यांना घड्याळं आणि अत्तरं, आणि बाबांना हे एअर पिस्तूल. यात दारूगोळा काही नाही. नळी मोडून शिशाचा बारीक छर्रा घालायचा, आतली स्प्रिंग सुटली की हवेच्या जोरानं छर्रा जातो. दर रविवारी चाचा जुलेखाचाचीनं दिलेला सांदणांचा डबा घेऊन यायचे आणि दोघं पडवीतून मागच्या कुंपणाच्या भिंतीवर नेम धरायचे. भिंतीला टेकवून जुनी गादी उभी केलेली, आणि गादीला टाचलेल्या लग्नपत्रिका. हो, लग्नपत्रिका! आमच्या आगऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका पुठ्ठ्यासारख्या जाड, वर्षाला टोपलीभर यायच्या. पाठीमागे कंपासनं वर्तुळं काढली की झालं. फक्त आईचा दंडक असा, की आधी पत्रिकेवरचा गणपती कात्रीनं कापून डब्यात ठेवायचा, विसर्जनाच्या वेळी पाण्यात सोडायला. चाचांकडच्या पत्रिकांवरचं बिस्मिल्ला चाचा कापून खिशात घालायचे. देवाला आणि अल्लाला असं सुखरूप बाजूला काढलं, की मग नवरानवरीला भोकं पाडायला दोघंही मोकळे. आता पत्रिका मोबाइलवर येतात. त्यांच्यावर काय नेम धरणार, कपाळ!

बाबा फार सुरेख मारायचे. चाचांचे छर्रे गादीभर, बाबांचे वर्तुळात. पण नुसतं मारून त्यांचं समाधान नव्हतं. पिस्तूल उघडायचं, आतलं चामड्याचं वायसर शिलाई मशीनच्या तेलात मुरवायचं, खटका पॉलिश पेपरनं घासून लोण्यासारखा करायचा. मूळची प्लास्टिकची मूठ त्यांनी पहिल्याच महिन्यात काढून टाकली आणि सागाची सडपातळ मूठ बसवली, ती त्यांच्या तळव्यात अशी बसायची की बघत राहावं. मीही मारायची. माझ्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली, ती मुठीवर टेकायचीच नाही, उगाच हवेत राहायची. चाचा चिडवायचे, "या पोरीची करंगळी नवाबाची." मध्यंतरात चहा मी ओतायची, आणि ओतताना बाबा माझ्या हाताकडे बघत बसायचे. कप भरेपर्यंत नजर हलायची नाही. मला वाटे, सांडते की काय म्हणून बघतायत, आणि मी मुद्दाम किटली उंच धरायची.

मी दहावीत गेले त्या वर्षी बाबांचे छर्रे बाहेर जायला लागले. आधी वर्तुळाच्या कडेला, मग पत्रिकेच्या कोपऱ्यात, मग गादीत. बाबांनी वायसर बदललं. स्प्रिंग बदलली. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी काढून नवी घडवली. छर्रे ओबडधोबड आहेत म्हणून एकेक निवडून घ्यायला लागले. मग मूठ बदलली. सागाच्या जागी शिसमाची, जाड. मग तिच्याहून जाड, तळव्याखाली आडवी पट्टी असलेली, हात वर टेकायला. मग नळीच्या पुढे शिशाचं कडं ओतून बसवलं. "पुढं वजन असलं की पिस्तूल हलत नाही," ते म्हणाले. दर मुठीनंतर एखादा रविवार बरा जायचा आणि चाचा "वा दत्तू, वा!" करायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा गादीतून कापूस. मी एकदा म्हटलं, बाबा, वाइसमध्ये आवळून मारून बघू या ना, म्हणजे कळेल तरी दोष कुठे आहे. कुठलाही फिटर पहिल्यांदा हेच करतो, आणि मला हे त्यांनीच शिकवलं होतं. बाबा एकदम तुटक म्हणाले, "वाइसमध्ये काय कळतंय. तू अभ्यास कर."

आता हे लिहिताना इतकं स्पष्ट दिसतं की स्वतःचाच राग येतो. पण तेव्हा घरात कुणालाच शंका आली नाही. पिस्तुलाचं दुखणं काढणं हाच त्यांचा छंद होता, आणि दुखणं संपत नाही याचं आम्हाला थोडं कौतुकच होतं. आई तेवढी मध्येच त्यांच्या ताटाकडे बघायची. आमटीची वाटी बाबा आता उचलत नसत, भाकरी बुडवून खात.

झालं ते चाचांच्या अभिमानापायी झालं. एका रविवारी शेजारचे दोघंतिघं बघायला जमले होते आणि बाबांचा छर्रा गादीही चुकून भिंतीला लागला. कुणीतरी हसलं. बाबा पटकन म्हणाले, "नळीच वाकडी आहे हिची. माल दुय्यम आहे." चाचा सांदण खात होते, ते हातातलं खाली ठेवलं.

"दत्तू, मी तुला दुय्यम माल आणला?"

"तुला कुणी फसवलं असेल, बशीर."

"फसवलं? त्या दुकानातलं सगळ्यात भारी पिस्तूल उचललं होतं मी! माझ्या सख्ख्या भावाला घड्याळ आणलं ते यापेक्षा स्वस्त होतं, खुदाकसम!" चाचा तडक उठले आणि चहा न घेता गेले. डबासुद्धा आमच्याकडेच राहिला. आई म्हणाली, "जिवाभावाचा मानूस हाय तो. असं बोलतात?"

पुढच्या रविवारी चाचा आले ते डब्याशिवाय. एका हातात छऱ्यांची नवी डबी, दुसऱ्या हातात जाड चामड्याचे तुकडे. दारातूनच म्हणाले, "आज फैसला." बाबा स्टुलावरून उठले. "राहू दे रे बशीर. चुकलं माझं, बोलायला नको होतं."

"चुकलं ना? मग सगळ्यांसमोर बोललास, सगळ्यांसमोर बघ."

चाचांनी वाइस उघडला, चामड्याचे तुकडे दोन्ही जबड्यांना लावले आणि पिस्तूल आवळलं. आई ओले हात पदराला पुसत दारात आली. शेजारचे कुंपणाशी उभे. बाबा भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभे होते. चाचा छर्रा घालायचे, खटका ओढायचे, पुन्हा नळी मोडायचे. फट्, फट्, फट्. डबी अर्धी संपली तेव्हा मला म्हणाले, "जा बेटा, आण."

मी पत्रिका काढून आणली. कुणा ठाकूर घराण्याच्या लग्नाची होती. तिच्यात भोक एकच होतं, कडा जरा कुरतडलेल्या, बस. सगळे छर्रे त्यातूनच गेले होते. चाचांनी ती माझ्या हातातून ओढली आणि आनंदानं ओरडले, "बघा! बघा! सुईत दोरा घालावा तसं मारतंय! म्हणे दुय्यम माल!" आणि पोरासारखं त्या भोकाला डोळा लावून त्यांनी बाबांकडे बघितलं.

बघतच राहिले. मग पत्रिका हळूहळू खाली आली. बाबांनी काखेतून हात काढला होता. उजवा हात त्यांनी पुढे धरला, चाचांना दिसेल असा, आणि तो हलत होता. थंडीत हलावा तसा थोडाथोडा, पण थांबत नव्हता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. म्हणजे रोजच बघत होते, पण पहिल्यांदा बघितला.

"पिस्तूल चांगलं आहे," बाबा म्हणाले. "तुझा माल चांगला आहे, बशीर."

चाचांनी पत्रिकेचे तुकडे तुकडे केले. "काय नाय, काय नाय दत्तू, आज हवा पडलीय ना, म्हणून सरळ गेले. वारा असला की..."

"माझ्या वेळेला तरी कुठं होता वारा," बाबा म्हणाले आणि आत गेले. कुंपणाशी उभे होते ते एकेक करून निघून गेले. चाचा बाकापाशी बसून रडले. एवढा थोरला माणूस, मिशीवाला, आखात पाहिलेला, आमच्या पडवीत हुंदके देऊन रडत होता आणि आई त्यांना म्हणत होती, "भाऊजी, तुमचा काय दोष नाय. कवातरी कलनारच व्हतं."

त्या दुपारी आईनं मला सांगितलं. बाबांच्या वडिलांचा हातही असाच हलायचा. मिठाच्या वाफ्यावर फावडं धरायचे तर फावडं थरथरायचं. लोक म्हणायचे, ताडी पितो. जन्मभर थेंबाला शिवले नाहीत, पण मुकादमानं कामावरून काढलं ते बेवडा म्हणून. बाबांनी ते लहानपणी बघितलं होतं. फाउंड्रीत आपल्याला कुणी तसं म्हणू नये, म्हणून ते वर्षभर तो हात लपवत होते, आणि घरी रविवारी पिस्तुलावर एकेक उपाय करून बघत होते, कशानं थांबतो का. जाड मूठ, आडवी पट्टी, पुढचं वजन, जे जे पिस्तुलावर लागू पडलं ते ते त्यांनी पटाशीच्या, रंध्याच्या दांड्यावर करून नोकरी रेटली होती. मी पेटी उघडून बघितली तर खरंच, हत्यारांचे सगळे दांडे जाडजूड झाले होते.

नोकरी पुढे फार टिकली नाही. फाउंड्रीनं त्यांना गेटपाशी बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडे बघायला. डॉक्टर म्हणाले, जीव जाणार नाही, हात जाईल. बाबांना हेच उलटं झालं असतं तर बरं वाटलं असतं. चाचा दर रविवारी यायचेच, दोघं सांदणं खायचे आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या भावांवर बोलायचे. पिस्तुलाचं नाव कुणी काढत नसे. गादी आईनं उसवून कापूस पिंजून घेतला.

त्याच दिवसांत एकदा बाबांनी मला पडवीत बोलावलं. पेणच्या गणपतीवाल्याकडून आणलेल्या शाडूचा ओला गोळा बाकावर होता. "धर," म्हणाले. "पिस्तूल धरतेस तसं. दाबू नकोस, नुसतं धर." मी धरलं. माझ्या तळव्याचा, बोटांचा ठसा त्यात उठला, वाकड्या करंगळीसकट. बाबांनी तो गोळा दोन्ही हातांनी, सांडेल की काय अशा बेतानं, सावलीत नेऊन ठेवला. मला केवढा आनंद झाला! माझी स्वतःची मूठ होणार. त्यांचं आता होत नाही, तर मी मारावं असं त्यांना वाटतंय. मग कित्येक रविवार कानशीचा आवाज येत राहिला. अगदी सावकाश. खर्र. बराच वेळ काही नाही. मग खर्र. मी वाट बघितली. मूठ काही मिळाली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "झाली की देईन." मी रुसले, मग कॉलेज, मग नोकरी, मग लग्न. विसरून गेले.

बाबा गेल्यावर आईनं मला पत्र्याची पेटी दिली. पिस्तूल, आणि जुन्या धोतरात गुंडाळलेल्या मुठी. सागाची सडपातळ, शिसमाच्या एकीपेक्षा एक जाड. सगळ्यात खाली एक होती ती मी कधी बघितली नव्हती. बाहेरून इतरांहून थोराड, तळव्याखाली रुंद पट्टी, मनगटाला बांधायला चामड्याचा पट्टा, आणि कोरलेल्या कडा जरा वेड्यावाकड्या. पण आतली जागा एवढीशी. बाबांचा पंजा त्यात गेलाच नसता. मी हात घातला तर करंगळीसाठी वेगळी वाकडी खाच होती. माझीच मूठ ती. पण माझ्या धडधाकट हाताला ती अवजड व्हायची, बोटं आत सैल राहायची, पट्टा नको तिथे काचायचा. मी म्हटलं, शेवटी शेवटी बिचाऱ्यांची मापं चुकायला लागली होती. चाचा तेव्हा हयात होते. त्यांनी मूठ हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, "दत्तूचं माप? चुकणार नाही, बेटा." मी हसले होते.

मला समईत तेल घालताना पहिल्यांदा कळलं, दिवाळीच्या सुमाराला. तेल बाहेर पडलं. मला वाटलं, तेलाचं भांडंच बेढब आहे. दुसरं आणलं. मग चष्म्याचा नंबर तपासला. बाबांची मुलगी ना मी! पेटी काढली ती पुढच्या पावसाळ्यानंतर. खालची मूठ बसवली, हात आत घातला, पट्टा आवळला. सांध्यांना आलेली सूज, थरथर, सगळं तिच्यात जाऊन बसलं, जराही सैल नाही. हात थांबला. मी मोठ्यानं म्हटलं, "सांगायचं तरी मला! एवढं ओळखलं होतं तर सांगायचं!" रिकाम्या घरात कोण ऐकणार. राग आला, अजून येतो. इतकी वर्षं मी खडू धरला, लेकराला न्हाऊ घातलं, रांगोळ्या काढल्या, ते सगळं मोकळ्या मनानं केलं कारण त्यांनी सांगितलं नाही, हेही कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

निलेश, माझा मुलगा, खारघरला असतो. मागच्या रविवारी आला. त्याला माझा हात माहीत आहे. वयामुळे, असं मी सांगितलंय. त्याच्यासाठी मूठ करावी तर मला लाकडाचं काम येत नाही आणि बाबांची मोठ्या इंचाची पट्टी कुठे गेली देव जाणे. "आई, तू बस, चहा मी करतो," म्हणाला. गाळणं धरून त्यानं दोन कप ओतले. कप भरेपर्यंत मी त्याच्या हाताकडे बघत होते.

"काय बघतेस? सांडत नाही मी," तो हसून म्हणाला, आणि चहाचं भांडं मुद्दाम उंच धरलं.